जुन्या फोटोतले विमान काय सांगते?



तुमच्या-आमच्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असतेच. तिच्यात जुने सातबारे, सोसायटीच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि तळाशी दोन-चार पिवळे पडलेले फोटो असतात. अशाच एका फोटोची ही गोष्ट आहे. गोष्टीबरोबर थोडी माहितीही देणार आहे. ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी कृषी विस्तार अधिकारी. पन्नाशी ओलांडली आहे. शेतीची पदवी घेत असताना एका रद्दीच्या दुकानात दुसऱ्या महायुद्धातील विमानांवरचे एक फाटके पुस्तक मिळाले आणि तो नाद जडला, तो आजतागायत सुटला नाही. मक्यावरची कीड पाहायला सातारा जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. माझा हा नाद तिथल्या ग्रामसेवकाला ठाऊक होता. शिवारफेरी आटोपल्यावर तो म्हणाला, “साहेब, चहाला एका घरी जायचंय. मावशींनी फोटो काढून ठेवलाय.”

मावशी पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्यांचे वडील, ज्यांना त्या अण्णा म्हणत, दुसऱ्या महायुद्धात विमानदलात मेकॅनिक होते. मावशी नऊ वर्षांच्या असतानाच अण्णा गेले. गावात सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचे ठरले होते आणि अण्णांच्या नावापुढे काय कोरायचे, हा प्रश्न होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई, की अण्णा १९४० साली लंडनच्या हवाई लढाईत होते. पुरावा एकच, तो म्हणजे हा फोटो. तळहाताएवढा. एका लढाऊ विमानाच्या पंखाशी टोपी घातलेला कृश तरुण उभा आहे.

मावशी म्हणाल्या, “दगडावर खोटं कोरायचं नाही साहेब. खरं काय ते सांगा.”

मी भिंग काढले.

एका खुणेवर निदान नको

मक्यावरची नवी लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात शिरली. ती कशी ओळखायची, हे मी तुम्हाला बांधावर उभे राहून दाखवले आहे. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे, आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार ठिपके. केवळ रंग पाहून फवारणी करणारा फसतो, कारण अळीचा रंग बदलतो. दोन खुणा जुळल्या, तरच नाव घ्यायचे. विमानाच्या फोटोलाही हाच नियम लागू आहे.

ओळख चुकली तर काय होते, ते युद्धाच्या सुरुवातीलाच दिसले. इंग्लंडने ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. ६ सप्टेंबरच्या सकाळी शत्रू आल्याची चुकीची वर्दी मिळाली आणि इंग्लंडची विमाने आकाशात झेपावली. त्यांच्यातल्या स्पिटफायर विमानांनी आपल्याच हरिकेन विमानांना जर्मन समजून दोन हरिकेन पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक मेला. त्या युद्धात मरण पावलेला इंग्लंडच्या लढाऊ विमानांचा हा पहिला वैमानिक, आणि तो गेला आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी.

म्हणून पुढे विमान ओळखणे हे एक शास्त्रच झाले. इंग्लंडच्या शिवारात हजाराच्या आसपास चौक्या उभ्या होत्या. तिथे दुर्बीण घेऊन पाळी करणाऱ्यांत शेतकरी होते, दुकानदार होते, मास्तर होते. विमानांच्या काळ्या छायाकृती पाहून पाहून त्यांनी नजर तयार केली. आपण जुना फोटो पाहतो, तेव्हा तीच नजर लावायची असते. फरक एवढाच, की आपल्या हाताशी वेळ भरपूर असतो.

आधी अंगलट पाहा

बैल ओळखताना आपण आधी वशिंड, शिंगे आणि चाल पाहतो, अंगावरचे डाग मागाहून. विमानाचेही तसेच आहे. रंग आणि अक्षरे नंतर, आधी बांधा.

हरिकेन पाठीला किंचित पोक काढल्यासारखे दिसते. त्याच्या धडाचा मागचा भाग कापड ताणून बसवलेला असे. कापडाखालच्या पट्ट्या हडकलेल्या जनावराच्या बरगड्यांसारख्या फोटोत दिसतात. त्याची चाके आतल्या बाजूला, पोटाकडे मिटत. त्यामुळे जमिनीवर ते पाय फाकवून, ऐसपैस उभे राहते. रेडिएटर पोटाखाली मधोमध असतो.

स्पिटफायरचे अंग धातूच्या पत्र्याचे, गुळगुळीत. पंख बहुधा विड्याच्या पानासारखे टोकाला निमुळते होत गेलेले. चाके बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून ते पाय जवळ घेऊन उभे राहते. जर्मनांचे मेसरश्मिट १०९ हेही असेच अरुंद उभे राहते. मात्र १९४० सालच्या त्याच्या ‘ई’ जातीच्या पंखांची टोके चौकोनी कापल्यासारखी असतात आणि शेपटाच्या आडव्या पंखांना खालून तिरके टेकू असतात. त्यानंतरच्या ‘एफ’ जातीत टोके गोल झाली आणि टेकू गेले. फोटोत टेकू आहेत की नाहीत, एवढ्यावरून जात वेगळी काढता येते.

एकाच विमानाच्याही पुढे सुधारित जाती निघाल्या, जशा आपल्याकडे एकाच पिकाच्या निघतात. पाचव्या जातीपर्यंतच्या स्पिटफायरला उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी लहान पेटी असे. नवव्या जातीत इंजिन जास्त ताकदीचे आले, तेव्हा दोन्ही पंखांखाली सारख्याच मोठ्या पेट्या आल्या. पंख्याची पाती तीनाची चार झाली. चौदाव्या जातीत ती पाच झाली.

यातून आणखी एक युक्ती हाती येते. पुष्कळदा निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला जातो आणि डावे ते उजवे होते. अक्षरे दिसत असली, तर ती उलटी दिसतात. अक्षरे नसतील, तर स्पिटफायरचे दार पाहा. वैमानिकाला चढायचे लहान दार डाव्या बाजूलाच असते. ते उजवीकडे दिसले, तर विमान नव्या जातीचे आहे असे समजू नका. फोटोच उलटा छापला आहे.

मग रंग आणि खुणा

खुणांवरून साल काढता येते, कारण त्या वेळोवेळी बदलत गेल्या. अमेरिकन विमानांच्या पांढऱ्या ताऱ्यात मधोमध लाल ठिपका असे. मे १९४२ मध्ये तो काढून टाकला. जून १९४३ मध्ये ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी सैन्य उतरले. त्या वेळी दोस्तांच्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर काळे-पांढरे पाच पट्टे घाईघाईने रंगवले होते, तीन पांढरे आणि दोन काळे. ते का, तर आपल्याच तोफांनी आपली विमाने पाडू नयेत म्हणून. फोटोत हे पट्टे वरून-खालून पूर्ण दिसले, तर तो फोटो बहुधा त्याच उन्हाळ्यातला.

पण इथेही घाई नको. इंग्लंडच्या लढाऊ विमानांची खालची बाजू युद्धाच्या सुरुवातीला अर्धी काळी, अर्धी पांढरी असे. जून १९४० मध्ये ती फिकट रंगाची झाली. म्हणून डाव्या पंखाची काळी खालची बाजू दिसताच लोक ‘जून १९४० च्या आधीचा फोटो’ असे म्हणून मोकळे होतात. मात्र नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस डाव्या पंखाखाली काळा रंग पुन्हा आला आणि एप्रिल १९४१ पर्यंत राहिला. आता कसे ठरवायचे? शेपटापाशी धडाभोवती फिकट रंगाचा पट्टा आहे का ते पाहायचे. तो पट्टा १९४० च्या हिवाळ्यात आला. दुसरी खूण जुळली की प्रश्न मिटला.

काळ्या-पांढऱ्या फोटोतला रंग तर फारच फसवा. त्या काळी एका प्रकारच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. अशा फिल्मवर तांबडे काळे उमटे, पिवळेही गडद येई आणि निळे फिकट होई. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर पिवळे फिकट येई. एकाच विमानाचे एकाच दिवशी दोन फिल्मांवर काढलेले फोटो दोन वेगळ्या विमानांचे वाटावेत, इतका फरक पडतो. पिवळ्या पानाच्या फोटोवरून नत्र कमी की लोह कमी, हे मी सांगत नाही. आधी जुनी पाने पिवळी की नवी, ते विचारतो. त्यातलाच हा प्रकार.

फोटो खरा, पण गोष्ट खोटी

कधी कधी फोटो अस्सल असतो, पण त्यासोबत सांगितलेली हकिकत बनावट असते. जर्मनीत हाईंकेल १०० नावाचे एक अतिशय वेगवान विमान तयार झाले होते. ३० मार्च १९३९ रोजी त्याने ताशी ७४६ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. तरीही सरकारने मेसरश्मिट १०९ हेच मुख्य लढाऊ विमान ठेवले. हाईंकेलची युद्धासाठी केलेली विमाने डझनभरच निघाली आणि ती कारखान्याच्याच राखणीला राहिली.

मग १९४० साली प्रचार खात्याने एक शक्कल काढली. तीच मूठभर विमाने रांगेत उभी केली, त्यांच्यावर वेगवेगळ्या पथकांची खोटी चिन्हे रंगवली आणि फोटो काढले. पुन्हा रंग बदलला, पुन्हा फोटो काढले. नाव दिले ‘हाईंकेल ११३’. फोटो पाहणाऱ्याला वाटे, की पथकांमागून पथके या नव्या विमानाने सज्ज आहेत. इंग्लंडच्या वैमानिकांनी आकाशात या विमानांशी गाठ पडल्याचे अहवाल दिले आणि विमाने ओळखण्याच्या पुस्तकांत त्यांची चित्रे आली. प्रत्यक्षात त्या नावाचे एकही पथक लढत नव्हते. एकच बैलजोडी झूल बदलून बाजारात दहा वेळा फिरवावी आणि गिऱ्हाइकाने वीस बैल मोजावेत, तसे झाले.

याशिवाय लष्करी तपासनीस फोटोतली पथकाची अक्षरे आणि क्रमांक रंगाने पुसून टाकत. म्हणून फोटोत अक्षर दिसत नाही, एवढ्यावरून ते विमानावर नव्हतेच असे म्हणता येत नाही.

आणखी एक गफलत आपल्या लोकांकडून होते. युद्धाच्या काळात पाच हजार पौंड देणगी दिली, की एका स्पिटफायरवर देणाऱ्याच्या पसंतीचे नाव रंगवीत. हिंदुस्थानातून अशी पुष्कळ वर्गणी गेली. इंग्लंडच्या विमानदलातील १२२ क्रमांकाच्या पथकाला ‘बॉम्बे’ आणि १३२ क्रमांकाच्या पथकाला ‘सिटी ऑफ बॉम्बे’ अशी नावे मिळाली. तेव्हा विमानावर ओळखीच्या गावाचे नाव दिसले, म्हणजे त्या गावची माणसे तिथे होती असे नव्हे. तिथे गेला होता तो त्या गावचा पैसा.

तांबडा रंग का गेला?

आता पूर्वेकडे वळू, कारण अण्णांच्या फोटोची किल्ली तिकडे आहे. इंग्लंडच्या विमानांवरच्या गोल निशाणीत मधला गोळा तांबडा असे. जपानी विमानांवरही तांबडाच गोळा असे. ब्रह्मदेशाच्या रणांगणावर घाईत नजर टाकणाऱ्याला तांबडे दिसले, की तो गोळी झाडणार! आपलेच विमान आपल्या हातून पडण्याचा धोका होता. म्हणून १९४२ च्या मध्यापासून हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाकडच्या विमानांवरून तांबडा रंग काढण्यात आला. पुढे तिथे लहान निशाणी रूढ झाली, बाहेर गडद निळी आणि आत फिकट. १९४५ च्या सुरुवातीस पंखांवर आणि शेपटावर पांढरे पट्टेही आले.

काळ्या-पांढऱ्या फोटोत ही खूण सहज पकडता येते. गोल निशाणीचा मधला गोळा गडद असेल, तर तो तांबडा. मधला गोळा फिकट आणि बाहेरचे कडे गडद असेल, तर विमान पूर्वेकडचे. फिल्मच्या लहरीपणातही ही खूण टिकते, कारण तांबडे कोणत्याही फिल्मवर असे फिकट उमटत नाही.

मावशींचा फोटो

भिंगातून मी एक एक खूण मावशींना आणि त्यांच्या पुतण्याला दाखवली. पुतण्या शाळेत मास्तर आहे. लंडनची गोष्ट तो पोरांना दरवर्षी सांगत असे.

पहिली खूण, विमान हरिकेन आहे. पाठीवर पोक, कापडाखालच्या बरगड्या, फाकलेले पाय. हरिकेन लंडनच्या लढाईतही होते, त्यामुळे एवढ्यावर काहीच ठरत नाही.

दुसरी खूण, दिसणाऱ्या पंखातून दोन लांब नळ्या पुढे आल्या आहेत. या २० मिलिमीटरच्या तोफा, दोन्ही पंखांत मिळून चार. हरिकेनची ही जात १९४१ साली आली. म्हणजे १९४० चा हा फोटो असू शकत नाही.

तिसरी खूण, विमानाच्या नाकाखाली फुगीर हनुवटी आहे. ट्रॅक्टरला एअर क्लीनर असतो ना, तसाच हा धूळ गाळणारा फिल्टर. तो गरम, धुळीच्या मुलखात जाणाऱ्या विमानांना लावत.

चौथी खूण, धडावरच्या लहान गोल निशाणीचा मधला गोळा फिकट आहे. तांबडा नाही.

पाचवी, पंखावर पांढरा पट्टा दिसत नाही. म्हणजे बहुधा १९४५ च्या आधीचा फोटो.

“मावशी,” मी म्हणालो, “हा फोटो इंग्लंडमधला नाही. आपल्याकडचा, नाहीतर ब्रह्मदेशाच्या बाजूचा आहे. साल १९४२ च्या मध्यापासून १९४५ च्या सुरुवातीपर्यंत कधीतरी. कोणतं पथक, कोणता तळ, ते या फोटोवरून सांगता येणार नाही. अक्षरं फोटोच्या बाहेर राहिलीत.”

पुतण्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, “पण साहेब, लंडन म्हटलं की वजन पडतं.”

मावशी काही बोलल्या नाहीत. मी विचारले, “अण्णांचं आणखी काही आहे का? कागद, बिल्ला?”

त्या आत गेल्या आणि हळदी-कुंकवाच्या जुन्या डब्यातून एक काळपट, सहा टोकांचा तारा घेऊन आल्या. “पोरं खेळायची याच्याशी.” मी तो रुमालाने हलकेच पुसला. मधल्या मुकुटाभोवती इंग्रजी अक्षरे होती – ‘द बर्मा स्टार’. ब्रह्मदेशच्या लढाईत सेवा केलेल्यांना दिले जाणारे हे पदक. फोटो एक सांगत होता आणि पदकही तेच सांगत होते. निदान झाले.

बराच वेळ मावशी तारा हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “आई सांगायची, अण्णा परत आले ते थंडी वाजून तापानं फणफणतच. ती म्हणायची, विलायतेचं पाणी बाधलं. विलायतेत कुठला एवढा हिवताप! ते तिकडच्या रानात राहिले होते, आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं.”

मी पुतण्याला म्हणालो, “मास्तर, वजन कमी झालं असं समजू नका. १९४४ साली मार्चपासून जुलैपर्यंत जपान्यांशी इंफाळची लढाई चालली होती. त्या वेळी भारतीय वायुसेनेचं एक नंबरचं पथक हीच हरिकेन विमानं घेऊन तिथं लढत होतं. नेतृत्व अर्जनसिंगांचं होतं. तिथल्या पावसात अन् चिखलात विमान रोज उडतं ठेवणारा मेकॅनिक नसता, तर वैमानिक काय करणार होता? अण्णा त्याच पथकात होते, असं मी म्हणत नाही. पण ते त्याच लढाईच्या मुलखात होते, हे पदक सांगतं.”

दगड आता बसला आहे. अण्णांच्या नावापुढे ‘ब्रह्मदेश आघाडी’ असे कोरले आहे. पुतण्या शाळेत इंफाळची गोष्ट सांगतो, असे ग्रामसेवकाने कळवले.

तुमच्या घरी असा फोटो असेल तर

फोटोवर बॉलपेनने काही लिहू नका. पुढे नाही आणि मागेही नाही. जुनी माहिती वेगळ्या कागदावर लिहून फोटोबरोबर ठेवा.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट दिवसाच्या उजेडात, उन्हाची तिरीप टाळून, त्याचा दुसरा फोटो काढून घ्या आणि तो मोठा करून पाहा.

फोटोची मागची बाजू जरूर बघा. शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, फोटोग्राफरचे नाव, काहीही सापडेल.

विमानावर एक अक्षर आणि चार आकडे, किंवा दोन अक्षरे आणि तीन आकडे असा क्रमांक दिसला, तर तो जसाच्या तसा उतरवून ठेवा. तो त्या एका विमानाचाच क्रमांक असतो. ट्रॅक्टरच्या चासी नंबरासारखा.

पदके घासून चकचकीत करू नका. त्यांच्या कडेवर किंवा मागे कोरलेले नाव आणि नंबर झिजून जातो. पदके, डिस्चार्जचे कागद आणि पेन्शनची पुस्तके एकत्र ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशीला जाताना ती सोबत न्या.

आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच विचारा, फोटोत कोण आहे? विमानाची जात पन्नास वर्षांनीही भिंगाखाली सापडेल. पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव सांगणारा एकदा गेला, की कोणतेही भिंग ते सांगू शकत नाही.